घरात न दिसणारा ट्रेलर

मोहन आनंदात होता, आणि दमयंतीला त्याचीच काळजी लागून राहिली होती. गाडीमागे जोडायचा त्याचा ट्रेलर गेल्यावर पहिले दोन-तीन महिने तो असायला हवा तसाच उदास होता. शनिवारी सकाळी दोनदा चहा मागायचा, मागच्या अंगणातल्या रिकाम्या जागेकडे बघत उभा राहायचा, कुरकुरत नसलेल्या दारांना तेल घालायचा. मग एकाएकी गडी शीळ घालायला लागला. शनिवारी मित्राकडे, प्रकाशकडे, पत्ते खेळायला म्हणून जायचा आणि संध्याकाळी तळहातांवर दोरीचे वळ घेऊन यायचा.

"हे काय?" तिने एकदा विचारलं.

"प्रकाशच्या बागेत वेल बांधत होतो."

"पत्त्यांमध्ये?"

"पत्ते पिसेपर्यंत," तो म्हणाला आणि हसत आंघोळीला गेला.

दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याबद्दल हे ऐकलं असतं तर तिने लगेच काय तो अर्थ काढला असता. पण मोहन केससुद्धा तिने आठवण करून दिल्यावर विंचरायचा. त्यामुळे तो अर्थ बसेना, आणि दुसरा सापडेना.

भोसरीच्या कारखान्यात मोहन प्रॉडक्शन इंजिनिअर होता. मशीन बंद पडलं की माणसं त्याला शोधत यायची. दोन हजार एक साली ते न्यूझीलंडला आले. ढिगाने अर्ज केले, 'इथला अनुभव नाही' हे वाक्य पाठ झालं, आणि शेवटी तो ऑकलंडच्या ईस्ट टामाकीतल्या एका गोदामात चिकटला. पुठ्ठ्याच्या खोक्यांवर चिकटपट्टी सरळ लागली आहे का, हे बघायचं काम. तिथे कुणी त्याला वाईट वागवलं नाही. सगळे 'किया ओरा, मो' असा माओरी नमस्कार करायचे, ख्रिसमसला केक द्यायचे. फक्त कुणी त्याला काही विचारायचं नाही.

शेजारचं कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघालं तेव्हा त्यांचा जुना, एका आसाचा ट्रेलर मोहनने घेतला. आपल्या चंदेरी, तेराशे सीसीच्या गाडीला मागे हुक बसवून घेतला. एसी लावला तर चढावर धापा टाकणारी ती गाडी! पण त्या काळात दर महिन्याला पुण्या-मुंबईहून एखादं नवं कुटुंब येत होतं. भाड्याचं घर रिकामं, गादी कुणाच्या गॅरेज सेलमधली, फ्रिज तिसऱ्याकडचा. "मोहनरावांना फोन करा," असं जो तो सांगू लागला. बदल्यात तो चहा घ्यायचा, फार तर बशीभर पोहे. "मोहनराव, हे कपाट दारातून कसं निघेल?" असं कुणी विचारलं की त्याची मान ताठ व्हायची. दमयंतीला ते दिसत होतं. म्हणून तीच सुरुवातीला थर्मास भरून द्यायची.

मग बॉम्बेची टेकडी झाली. ऑकलंडच्या दक्षिणेला या नावाची टेकडी आहे, मोटरवे तिच्यावरून जातो. 'जरा बॉम्बेला जाऊन येतो' हा विनोद इथला प्रत्येक मराठी माणूस एकदा करतो, मोहन दर वेळी करायचा. त्या दिवशी ट्रेलरमध्ये कुणाचा तरी फ्रिज आणि वॉशिंग मशीन होतं. भोसरीत टेम्पो भरायचे तसाच त्याने तो भरला होता: जे आधी उतरवायचं, ते शेवटी चढवायचं. त्यामुळे सगळं जड सामान अगदी मागच्या कडेला. दमयंती पुढे बसली होती, लेक अनुष्का मागे कानात गाणी लावून.

उतारावर दुधाचा एक मोठा टँकर शेजारून गेला. ट्रेलर आधी जरासा डुलला. मग दुसऱ्या बाजूला, जास्त. मोहनने ब्रेक दाबला आणि मागचं धूड गाडीला ढकलत इकडून तिकडे झोके घेऊ लागलं. स्टिअरिंग मोहनच्या हातात होतं, पण गाडी ट्रेलर चालवत होता. रस्ता आडवा झाला, मग उलटा झाला, आणि ते आले होते त्या दिशेला तोंड करून गवतात थांबले. मागून काही येत नव्हतं, म्हणून वाचले. अनुष्काने कानातली बोंडं काढली आणि नऊ वर्षांपूर्वी मागे पडलेल्या आवाजात म्हणाली, "आई." एरवी ती मम म्हणायची.

आणि मोहन? मोहनने तिथेच, बोटाने बॉनेटवरच्या धुळीत चित्र काढलं. "हे बघ. वजन मागे गेलं की ट्रेलरची पुढची दांडी वर उचलली जाते. मग गाडीची मागची चाकं हलकी होतात, पकड जाते. त्यात ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत, आणि भरल्यावर तो आपल्या गाडीच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा. एवढ्याशा गाडीने हे ओढायलाच नको होतं." त्याला सगळं कळत होतं. घरी आल्यावर त्याने अनुष्काच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, "ट्रेलर या घरात पुन्हा दिसणार नाही." आठवड्यात ट्रेलर गेला. गाडीचा हुक तेवढा राहिला. "सायकलींचा स्टँड लावू त्याला," तो म्हणाला.

या गोष्टीला वर्ष होत आलं. गुरुवारी पापाटोएटोएच्या भारतीय दुकानात दमयंती कढीपत्ता निवडत होती, तेवढ्यात मराठी मंडळातली वसुंधरा भेटली. वसुंधरा हॉस्पिटलात फार्मसिस्ट. नवरा बॉम्बेच्या टेकडीपलीकडे, हॅमिल्टनला, आधीच रुजू झाला होता, आता ती दोन मुलांना घेऊन निघाली होती.

"ताई, मोहनदादांचे किती आभार मानू! शनिवारी सामान नेतायत आमचं, थेट हॅमिल्टनला."

"कशातून?"

"कशातून म्हणजे? ट्रेलरमधून." वसुंधरा हसली. "प्रकाशभाऊंकडेच भरणार. माझ्या गाडीत भांडी आणि कपडेच मावतील. मुलं दादांबरोबर येतील. धाकटा तर ट्रेलरच्या गाडीत बसायचं म्हणून नाचतोय."

दमयंतीने कढीपत्त्याची जुडी परत ठेवली. घरी न जाता ती तडक प्रकाशकडे गेली. प्रकाश जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून गवत कापत होता. तिची गाडी बघताच त्याने यंत्र बंद केलं. गॅरेजच्या मागे, निळ्या ताडपत्रीखाली, ट्रेलर होता. ताडपत्रीच्या दोऱ्यांना मोहनच्याच गाठी.

"वहिनी, अहो, या ना, चहा..."

"किती दिवस आहे इथे?"

"पहिल्यापासूनच की." प्रकाशने घाम पुसला. "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

"खोटं बोलू नका, भाऊजी. पत्त्यांचे डाव कोण जिंकतं मग?"

प्रकाश खाली बघत म्हणाला, "वहिनी, त्याला काहीतरी हवं होतं हो. तुमच्यापासून कोण लपवणार? सगळ्यांना माहीत होतं." आपण काय बोलून गेलो, हे त्याला उशिरा समजलं.

सगळ्यांना. मंडळाच्या कार्यक्रमात तिच्याशेजारी बसून बासुंदी खाणाऱ्या सगळ्यांना. घरी येऊन तिने अनुष्काला विचारलं. अनुष्काने टीव्हीवरून नजर न हलवता सांगितलं, "येस, मम. डॅड म्हणाला, यू'ड ओन्ली वरी." ज्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, त्या डोक्यालाही माहीत होतं.

मोहन कामावरून आला, बूट काढले, आणि दमयंतीचा चेहरा बघून स्वयंपाकघराच्या दारातच थांबला.

"प्रकाशकडे जाऊन आले," ती म्हणाली.

तो आत आला, डबा ओट्यावर ठेवला. मग म्हणाला, "मी शपथ मोडलेली नाही. या घरात दिसणार नाही म्हटलं होतं. दिसला का?"

तिला वाटलं होतं तो माफी मागेल, निदान चिडेल. शब्दांची ही फट त्याने शपथ घेतानाच ठेवली असेल, हे तिच्या मनात आलं नव्हतं. लेकीच्या केसांवर हात होता तेव्हाच, आतल्या आत, त्याने ट्रेलरसाठी जागा बघून ठेवली होती.

"तूच मला चित्र काढून दाखवलंस. एवढ्याशा गाडीने ओढायलाच नको, तूच म्हणालास."

"आता वजन पुढे ठेवतो. हळू जातो."

"गाडी मोठी झाली का? ब्रेक लागले ट्रेलरला?"

"दमू, मी दिवसभर काय करतो तुला माहीत आहे? पट्टी बघतो. सरळ आहे, सरळ आहे, सरळ आहे. शनिवारी माणसं मला माणूस म्हणून विचारतात." त्याने गळ्यातलं गोदामाचं ओळखपत्र काढून टेबलावर टाकलं. "तेवढंच आहे माझं इथे."

हे खरं होतं. म्हणूनच तिला जास्त लागलं. हे त्याने वर्षभर प्रकाशला सांगितलं होतं, तिला नाही.

"वसुंधराला सांगितलंस, बॉम्बेवर आपलं काय झालं ते?"

"उगाच घाबरवायचं कशाला?"

"तिची मुलं तुझ्या गाडीत बसणार आहेत, मोहन. मागच्या सीटवर. अनुष्का होती तिथे."

दमयंतीने वाट पाहिली. त्याने 'मी सांगतो तिला' एवढं म्हटलं असतं, तरी तिने फोन त्याच्या हातात दिला असता. पण तो म्हणाला, "शनिवार होऊन जाऊ दे. मग खरंच विकतो. या वेळी शब्द देतो."

तो शब्द घ्यायला तिने हात पुढे केला नाही. तिने भिंतीवरचा फोन काढला.

"कुणाला करतेस?"

"वसुंधराला."

"दमू, घरातली गोष्ट घरात ठेव. उद्या सगळ्यांत बभ्रा होईल. मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. खरोखरच माहीत होतं. पुढच्या शनिवारपासून त्याला कुणी कपाट कसं काढायचं ते विचारणार नव्हतं, आणि ते तिच्यामुळे होणार होतं. तो खुर्चीत बसला. तिने नंबर फिरवायला सुरुवात केली. आधी 'कशी आहेस' विचारायचं की सरळ टेकडीपासून सांगायचं, एवढंच ठरायचं होतं.