एन्ट्रीचं गाणं

दिघीच्या फेरीबोटीवर दोर टाकणारा तो माणूस दोन गोष्टींचा वेडा आहे: टीव्हीवरची रेसलिंग आणि इंडी रॉक, म्हणजे फारशा कुणी न ऐकलेल्या बँडची गिटार बडवणारी गाणी. रिंगमध्ये येणाऱ्या पैलवानाचं असतं तसं रोजच्या प्रत्येक प्रवाशाचं त्याने एकेक गाणं ठरवलंय.

"अरे, खोटी असते ती कुस्ती," मी एकदा म्हटलं.

"व्हय बाई, निकाल ठरलेला असतो. पन एन्ट्री खरी असते."

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा जेट्टीवर आले, तेव्हा त्याने मोटारसायकली अडवल्या, मोबाईलवर माझं गाणं लावलं आणि ओरडला, "बाजूला व्हा! आमच्या बाई येतायत!"

मी सुनेचा हात सोडला. सगळी बोट बघत होती. बघू दे की!