एक पाय उंबऱ्यापलीकडे

मुकुंदवाडीत देवाला सर्वांत जास्त राबवलं असेल, तर आमच्या शेजाऱ्याने. गुलमंडीतल्या कापडाच्या दुकानात तीस वर्षं तो गिऱ्हाइकांवर खेकसत ठाण उलगडत होता. "घ्यायचं नसंल तर हात नका लावू," हे त्याचं स्वागत. घरी आवाज आणखी चढा. आमटीत मीठ कमी पडलं की ताट अंगणात. एकदा ते कुंपणावरून आमच्या तुळशीपाशी येऊन पडलं. मी धुऊन परत नेलं, तर म्हणाला, "चटणी पण धुतली का?"

या माणसाने उतारवयात, दुकानातल्या ख्रिस्ती सोबत्याबरोबर प्रार्थनेला जायला लागून, बाप्तिस्मा घेतला. गल्लीला वाटलं, आता नाव बदलणार. नाव तेच राहिलं, वहिनींचं देवघरही जागेवर राहिलं. "नावाचं काय नाय भाऊ, माणूस फिरला पायजे. पाण्यातून निघाला तो नवा माणूस, असं पाळकसाहेब म्हणले," त्याने मला समजावलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी कुंपणावर कोपर टेकून एकच प्रश्न, "भाऊ, मी बदललो का?" मी व्हय म्हणायचो, आणि ते खरंही होतं. बारा साड्या उलगडायला लावून रिकाम्या हाताने निघालेल्या बाईला तो "परत या, मावशी" म्हणाला, तेव्हा तिने मालकाला हळूच विचारलं, "यांची तब्येत बरी हाय ना?" घरी तो अळणी आमटी मुकाट्याने संपवायचा.

वहिनींना मात्र त्याने कधी विचारलं नव्हतं. एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो, तेव्हा विचारलं. वहिनी ताटं वाढून रोजच्यासारख्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, एक पाय उंबऱ्यापलीकडे.

"सांग की, मी बदललो का?"

"लई बदललात."

तेवढ्यात माशी हाकलायला त्याने ताटावरून हात उचलला. दारात वहिनी नव्हत्या.

त्याचा हात तसाच वर राहिला. मग तो खाली घेत म्हणाला, "मी नवा झालो भाऊ, पण तिच्या अंगाला जुनाच माणूस ठाऊक हाय."

त्यानंतर त्याने मला तो प्रश्न विचारला नाही. आता वहिनी वाढत असताना तो दोन्ही हात मांडीवर ठेवून बसतो. परवा कुंपणापाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "आज तिनं दारात पाट आणून ठेवला. बसली नाय. पण ठेवला."

एवढं सांगून तो जेवायला गेला, चपलांचा आवाज होऊ न देता.