काळ्या पट्ट्याखालचा लाल

'भावपूर्ण श्रद्धांजली' ही अक्षरं माझ्यावर छापली जात होती तेव्हा मी मशीनशेजारीच उभी होते. मुलगा मशीन चालवत होता आणि मी बाहेर पडणारी कार्डं ठोकून सरळ करून थप्पी लावत होते. कार्डावर माझ्या नवऱ्याचा फोटो होता. वर्षश्राद्धाचं कार्ड. त्याच्या शेजारी एक लाल डाग होता, आणि तो डाग म्हणजे मी. त्या डागावर मुलगा काळा पट्टा मारत होता आणि पट्ट्यात श्रद्धांजलीची अक्षरं कोरी सोडत होता. मी जिवंत होते, माझेच हात ती कार्डं उचलत होते, आणि तो मला म्हणाला, "आई, शाई ओली हाय. कडंला धर."

मी कडेला धरलं.

मुरुम गावात आमचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, दुकानांच्या पिशव्या, जत्रेची हँडबिलं असली कामं. आमच्या मशीनला एका वेळी एकच शाई. दोन रंग पाहिजेत तर कागद दोनदा घालायचा, आणि फोटो असेल तर त्या फोटोचेही दोन भाग करायचे. एका प्लेटवर काळ्यात काय जाणार ते, दुसऱ्यावर लालमध्ये काय जाणार ते. पूर्ण रंगीत काम सोलापूरला पाठवतात, पण गिऱ्हाइकाला ते परवडत नाही. म्हणून आमच्याकडं काळा आणि लाल. फेटा लाल, गंध लाल, देवीचा मळवट लाल. बाकी सगळी दुनिया काळी.

कॉम्प्युटर यायच्या आधी हे वेगळं करायचं काम मी करत होते. काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट, वर फिल्म, हातात बारीक ब्रश. लालमध्ये जे नको ते सगळं रंग लावून झाकायचं. मी चौथी शिकले, पण ह्याला शाळा लागत नाही, डोळे आणि कंबर लागते. दोन्ही गेली त्यातच. लाल शाईसुद्धा मीच कालवायची, डब्यातल्या लालमध्ये थोडा पिवळा घालून. लोक पत्रिका हातात धरून म्हणायचे, मालकांचा लाल काही औरच. नवरा हसायचा आणि पान लावायचा. हा लाल माझ्या बायकोचा असं त्यानं एकाही गिऱ्हाइकाला सांगितलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलत नाही, झालं ते सांगते.

नवऱ्याला फोटो काढून घ्यायची आवड नव्हती. धड असा एकच निघाला, नणंदेच्या पोरीच्या लग्नातला. त्याला फेटा बांधलेला, शेजारी मी, लाल इरकल लुगडं नेसलेली. दोघंही कॅमेऱ्याकडं बघतोय. मुलानं तोच फोटो कार्डासाठी निवडला. मी म्हटलं, आहे तसा सगळा छाप. माझं दुसरं काही मागणं नव्हतं. जेवणाला पैसे किती घाल, कीर्तनाला कुणाला बोलाव, त्यात मी तोंड घातलं नाही. निमंत्रक म्हणून मुलाचं नाव होतं, पुतण्यांची होती, अजून चालता न येणाऱ्या नातवाचंही होतं. माझं नव्हतं. ते कधीच नसतं. म्हणून म्हटलं, नाव राहू दे, फोटोत तरी असू दे. एवढी वर्षं त्याच्याशेजारी उभी राहिले ती काय त्या लग्नापुरती नव्हे.

मुलगा म्हणाला, "गेलेल्या माणसाचाच फोटो असतो कार्डावर. तुझा कशाला?"

नणंद तिथंच बसली होती. ती नवऱ्याची थोरली बहीण. दहाव्याच्या दिवशी माझं कुंकू तिनंच पुसलं होतं, आणि पुसताना एवढं रगडलं होतं की कपाळ हुळहुळत होतं. ती म्हणाली, "कार्डावर दिव्याच्या बाजूला जित्या माणसाचा फोटो लावत्यात व्हय कुठं? आन् कपाळाला रुपयाएवढं कुंकू. लोक तोंडात शेण घालतील, वैनी."

मी म्हटलं, "माझ्या तोंडात घालतील. तुमचं तोंड रिकामंच ऱ्हाईल."

सून हसली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. पण ठरलं ते त्यांचंच. मुलानं मला फोटोतून काढलं.

काढताना त्यानं काय केलं ते मला नंतर कळलं. कॉम्प्युटरवर फोटोचे दोन भाग केले, काळा आणि लाल. लाल झाकून ठेवला आणि काळ्यातून मला पुसलं. डोकं, चेहरा, हात, सगळं नीट पुसलं. बापाच्या खांद्यावर माझा पदर आला होता तो सुद्धा पुसला. लाल भाग उघडून बघायचा राहिला. कॉम्प्युटरनं फोटोतलं जे जे लाल ते सगळं त्यात घेतलं होतं. बापाचा फेटा आणि गंध घेतला, तसं माझं इरकल घेतलं आणि माझं कुंकूही घेतलं. मी असते तर ही चूक झाली नसती असं मी म्हणणार नाही. फिल्मवर माझ्या हातूनही असले डाग राहायचे. पण हा डाग आईचा होता.

लाल आधी चालवतात, काळा मागून. नुसता लाल छापलेला कागद बघून कुणाला काही कळत नाही, इकडं एक ठिपका, तिकडं एक थर. सगळी कार्डं लालमध्ये निघाली. मग त्यावर काळा पडायला लागला आणि नवऱ्याचा चेहरा आला, मिशा आल्या, डोळे आले. शेजारी कुणीच आलं नाही. नुसतं लुगडं उभं होतं, आणि त्याच्या वर, जिथं डोकं असायला पाहिजे तिथं, हवेत एक कुंकू.

मुलगा मशीन बंद करून बघत राहिला. मला हाक मारली नाही, पण मशीन थांबली की मला घरात कळतं. मी गेले. कार्ड हातात घेतलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. चेहरा गेला तर गेला, माझं लुगडं कुणीही ओळखलं असतं.

"हे असंच जाऊ दे," मी म्हटलं.

नणंदेला कुणी बोलावलं नव्हतं, तरी ती आली. कार्ड बघून तिनं छातीवर हात ठेवला. म्हणाली, भाऊ बायकोला बोलावतोय, कुंकू पुढं धाडलंय त्यानं, हे कार्ड ज्याच्या घरी जाईल त्याच्या घरात काही तरी होईल. माझ्यासमोरच म्हणाली, मी तिथं नसल्यागत. मुलगा असल्या गोष्टी मानत नाही. पण लोक मानतात आणि लोकच गिऱ्हाईक. नवीन कार्डं करायला तो कागद शिल्लक नव्हता, दिवस तोंडावर आला होता. तेव्हा त्याला तो काळा पट्टा सुचला. फोटोची अर्धी बाजू काळी करायची आणि त्यात श्रद्धांजली लिहायची. तयार झाल्यावर त्यानं मलाच विचारलं, बरं दिसतंय का.

बरं दिसत नव्हतं. लालवर काळा पडला की तो साध्या काळ्यापेक्षा गडद होतो, तेलकट चमकतो. कार्ड जरा तिरकं केलं की पट्ट्यात लुगड्याचा आकार दिसायचा. आणि पट्ट्यात जी अक्षरं कोरी सोडली होती त्यातली लुगड्यावर आलेली लाल निघाली, बाकीची पांढरी. 'श्रद्धांजली'चा मधला भाग माझ्या अंगावर होता. हे मी मुलाला दाखवलं नाही. त्याला दिसत होतं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मांडवात माणसं मावेनात. माकणीहून नवऱ्याचा मामेभाऊ आला, म्हातारा, काठी टेकत. तो येऊन मुलाच्या शेजारी बसला आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी पंगतीत हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढत होते, त्याच्या पाठीमागंच होते.

"बापाचं कळलं हुतं," तो मुलाला म्हणाला. "मला उठवत नव्हतं तवा, आलो न्हाई. पर वैनीचं कवा झालं? एका वर्षात दोघंबी, आन् आमाला साधा निरोप न्हाई."

म्हाताऱ्यानं खिशातून कार्ड काढलं, उजेडाकडं तिरकं धरलं आणि पट्ट्यावर बोट ठेवलं. "ह्या काय वैनी. ह्यांच्यावर श्रद्धांजली लिवलीय की."

मी बादली खाली ठेवली आणि त्याच्या समोर गेले. "भावजी, मी मेले न्हाई. छापलंय तेवढं."

तो काठीवर जोर देऊन उभा राहिला. आधी घाबरला, मग हात जोडले, मग पुन्हा कार्डाकडं बघितलं. "मग झाकलंय कशाला तुमाला?"

नणंद पलीकडून म्हणाली, शाई सांडली होती मशीनवर, बसा तुम्ही जेवायला.

"शाई न्हाई," मी म्हटलं. "मीच हाय ती."

आसपासच्या पंगतीत हात थांबले. चार-दोन बायांनी पिशव्यांतून कार्डं काढली आणि तिरकी करून बघितली. मुलगा खाली मान घालून बसला होता. त्याला मी काही बोलले नाही, अजूनही बोललेले नाही. म्हाताऱ्याला पाट दिला, पानावर हुग्गी वाढली, वर तूप घातलं. तो जेवला आणि संध्याकाळच्या गाडीनं माकणीला गेला.

फोटोत आम्ही दोघं होतो. नवरा वारला. मी आहे.