माझ्या साडूंचं हाड

माझ्या साडूंनी मोठेपणी कधी आकाश पाहिलं असेल, यावर माझा विश्वास नाही. मानपाड्याच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते आणि त्यांची नजर कायम चपलेच्या पुढे दोन हात असे. समोरून सख्खा भाऊ आला तरी ते त्याला पायांवरून ओळखत. एका लग्नात मंगलाष्टकं चालू होती, सगळे अक्षता टाकत होते आणि हे मांडवाबाहेर पसरलेल्या खडीतून काहीतरी निवडत होते. मुलीच्या वडिलांनी काळजीने विचारलं, "काही पडलं का तुमचं?" "नाही, सापडलं," हे म्हणाले. कोपरच्या चाळीतल्या त्यांच्या दीड खोलीत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांतून असे वेचलेले दगड भरलेले असत. प्रत्येक डब्यावर कारखान्यातल्यासारखी चिठ्ठी: कुठे सापडला, कधी, किती नग. नावाच्या रकान्यात मात्र बहुतेक ठिकाणी 'माहीत नाही'. मी शाळेत मराठी शिकवणारा माणूस. पण अज्ञान इतकं नीटनेटकं लिहून ठेवलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

दगड ओळखायची त्यांची पहिली परीक्षा म्हणजे चाटून पाहणं. हाडाचा दगड झाला तरी त्यातली बारीक भोकं राहतात आणि ते जिभेला चिकटतं, असं त्यांनी कुठेसं वाचलं होतं. त्यामुळे कोणाच्या घरी दाराला लावलेला धोंडाही ते उचलून जिभेला लावत. माझ्या घरचाही लावला आणि काही न बोलता जागच्या जागी ठेवला. त्या धोंड्याकडे मी पुढे कधी आदराने पाहू शकलो नाही. मग एकदा बांधकामासाठी खाडीतून काढलेल्या रेतीच्या ढिगात त्यांना वीतभर लांबीचा, काळसर, एका टोकाला फुगीर असा तुकडा सापडला. रेतीवाला तिथल्याच गावचा. तो म्हणाला, "काका, बैलाचा हाड हाय तो. टाका तिकरं." साडूंनी चाटला. चिकटला. वजनाला दगड, घडणीला हाड. संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि तो तुकडा माझ्यापुढे धरला. मी इकडेतिकडे पाहिलं आणि मीही चाटला. माझ्या मुलीने ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं.

आता अक्कांबद्दल सांगायला हवं. अक्का म्हणजे साडूंची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. त्यांचं नव्या जागेत जायचं ठरलं होतं आणि अक्कांनी निर्वाणीचं सांगितलं होतं, "इतक्या वर्षांत एका तरी दगडाला जाणत्या माणसाने नाव दिलंय का? एकाचं लिहून आणा, सगळे डबे नव्या घरात येतील. नाहीतर खाडी जवळच आहे." म्हणजे साडूंचा सगळा संसार त्या एका तुकड्यावर आला. आणि नात्यात पुस्तकं वाचणारा मी एकटा, म्हणून त्याला नाव मिळवून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी वाचनालयातून तीन पुस्तकं आणली. पहिल्या आठवड्यात तुकडा प्राचीन हत्तीचा असल्याचं जाहीर केलं. दुसरं पुस्तक वाचून झाल्यावर तो गेंड्याचा झाला. तिसरं पाणघोड्याकडे झुकत होतं, पण तेवढ्यात ते परत करायची तारीख आली. साडू प्रत्येक वेळी चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहीत आणि पुढच्या आठवड्यात शांतपणे खोडत.

शेवटी ठाण्यातल्या एका कॉलेजच्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांनी कळवलं, की ऑफिसात ठेवून जा, दिवाळीच्या सुट्टीनंतर पाहतो. अक्कांनी धुतलेलं पांढरं फडकं दिलं. त्यात तुकडा बांधून साडू डबा घेऊन माझ्याकडे आले, चिठ्ठी माझ्या हातची हवी म्हणून.

"हाड लिहा," ते म्हणाले.

"हाड काय? कुत्र्याला हाकलल्यासारखं वाटतं. विद्वान माणसाकडे जायची वस्तू आहे."

"मास्तर, हाडाला हाडच म्हणतात हो."

मी पेनाचं टोपण काढलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'अस्थी'. खाली साडूंचं पूर्ण नाव. घरच्या माणसाला श्री कशाला, म्हणून श्री लावलं नाही.

डबा साडू कॉलेजच्या ऑफिसात ठेवून आले. सुट्टी संपल्यावर आम्ही दोघं गेलो. प्राध्यापकांपर्यंत डबा पोचलाच नव्हता. आमचं बोलणं ऐकून ऑफिसातल्या म्हाताऱ्या शिपायाने आम्हाला बाजूला घेतलं.

"तुम्ही घरचे का? किती वाट पाहिली. अस्थी काही छपराखाली ठेवत नाहीत, म्हणून मागच्या पिंपळाला बांधून ठेवल्या. दहा दिवस झाले तरी कोणी येईना. मग मीच गुरुजींना घेऊन खाडीवर गेलो आणि सोडल्या. गोत्र ठाऊक नव्हतं, काश्यप लावलं."

"उघडून नाही पाहिलं?" मी विचारलं.

"असलं उघडून बघतात का, साहेब?" मग साडूंकडे वळून तो हळूच म्हणाला, "वारले ते तुमचे कोण?"

साडूंनी शिपायाचे हात हातात घेतले. "लांबचे होते. फार जुने. तुम्ही केलंत, बरं झालं."

आम्ही स्टेशनकडे निघालो. माफी मागायला मी तीनदा वाक्य जुळवलं, तिन्ही वेळा त्याचा निबंध झाला. शेवटी तेच म्हणाले, "घरी मी सांगतो. तुम्ही मध्ये पडू नका."

महिन्याभरात साडूंनी आपले सगळे दगड एका नव्या इमारतीच्या जोत्यात भराव म्हणून स्वतः नेऊन ओतले. रिकामे डबे अक्कांनी कडधान्याला घेतले. मटकीच्या डब्यावर पुष्कळ वर्षं 'माहीत नाही' होतं. साडू पुढेही खालीच बघत चालत. फक्त वाकत नसत.

ते गेले त्याला आता तीन महिने होतील. चौथ्या दिवशी भेटायला गेलो तेव्हा अक्का म्हणाल्या, "तो शब्द यांनीच लिहिला होता डब्यावर. त्याच दिवशी मला म्हणाले, चूक माझी. मास्तर बिचारे हाड लिहा, हाड लिहा म्हणत होते."

इतकी वर्षं त्या घरात अडलेला अर्ज, पत्रिकेचा मजकूर, नातवाचं नाव, सगळं मला विचारून होत आलं. का, ते मला तेव्हा कळलं.

"तुमचं ऐकायला हवं होतं त्यांनी," अक्का म्हणाल्या.

मी हो म्हणालो.