सोळा झाडं आणि आठ फूट

माणूस जास्तीत जास्त किती जोरात पळू शकतो, हा प्रश्न मी अकोल्यातल्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात दरवर्षी अकरावीच्या वर्गाला विचारते. मुलं लगेच चित्त्यावर घसरतात. मी त्यांना ओढून माणसावर आणते. सांगते, की पाय भराभर हलवणं ही खरी अडचण नसतेच, अडचण जमिनीशी असते. जोरात पळणाऱ्याचं पाऊल जमिनीला टेकतं ते सेकंदाचा जेमतेम दहावा भाग, आणि तेवढ्यात अख्खं शरीर उचलून पुढे फेकेल एवढा रेटा द्यावा लागतो. ज्याला जितका रेटा देता येतो, तितका त्याचा वेग. शिवाय शंभर मीटरच्या शेवटच्या टप्प्यात जगातला सर्वांत वेगवान माणूससुद्धा मंदावतच असतो. जिंकणारा फक्त इतरांपेक्षा कमी मंदावतो. हे ऐकून वर्ग हिरमुसतो आणि मला, कबूल करते, जरा मजा येते.

एक गोष्ट मात्र मी वर्गात कधी सांगितली नाही. एकोणिसाव्या वर्षी मी शंभर मीटर तेरा पॉइंट चार सेकंदांत पळायचे, आणि जिथे पळून दाखवायला हवं होतं तिथे घाबरून चौदा पॉइंट आठला आले.

चांदूर बाजारजवळ आमचा संत्र्याचा बगीचा आहे. तिथे अंतर कोणी मीटरमध्ये सांगत नाही, झाडांत सांगतात. विहीर बारा झाडांवर, साप दिसला तो सहाव्या झाडाजवळ. मला पळण्याचं वेड लागलं तेव्हा बाबांनी धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, कडेची गाडवाट साफ करून दिली आणि हिशेब सांगितला. झाडं वीस-वीस फुटांवर, शंभर मीटर म्हणजे तीनशे अठ्ठावीस फूट, तेव्हा पहिल्या झाडापासून सोळा झाडं पुढे जायचं आणि वर आठ फूट. तिथे त्यांनी चुन्याची रेघ मारली आणि शाळेतल्या मास्तरांकडून मागून आणलेलं स्टॉपवॉच घेऊन उभे राहिले. रोज सकाळी, दूध काढून झालं की. तेरा पॉइंट चार आलं त्या दिवशी त्यांनी ते घड्याळ घरातल्या एकेकाला दाखवलं, गड्यालाही.

मग अमरावतीला विद्यापीठाच्या संघाची निवड होती. तिथल्या मैदानावर मी जीव तोडून पळाले आणि पाचवी आले. परतताना एसटीत बाबा माझ्या शेजारी बसले होते. अचलपूरचा फाटा मागे पडला तेव्हा म्हणाले, "पाय त तेच होते बाई. भेली तू."

ते रागावले नव्हते, म्हणूनच ते आत गेलं. पुन्हा त्यांनी हा विषय काढला नाही. काढायची गरजच नव्हती, पुढचं काम मी स्वतःच केलं. स्कूटर घेतली पण हायवेवर कधी नेली नाही, तेव्हाही मनात तोच शब्द. उपप्राचार्य व्हा म्हणून गळ घातली तेव्हा नको म्हटलं, तेव्हाही तोच. चौतीस वर्षं. पण खोटं कशाला बोलू, त्या शब्दाच्या आडोशाला माझा एक गर्वही मजेत राहत होता. भित्री असेन, पण वेगवान होते. तेरा पॉइंट चारची होते.

आता माझ्या भावाची मुलगी पोलीस भरतीची तयारी करते आहे. तिने पळायला सुरुवात केली तेव्हा मीच तिला फोनवर तो हिशेब दिला, घराण्याचा दागिना द्यावा तशा थाटात. सोळा झाडं आणि आठ फूट. तशीच रेघ मारून बगीच्यात ती चौदा पॉइंट सहापर्यंत आली. मग अमरावतीच्या मैदानावर सराव चाचणीला जायला लागली आणि लागोपाठ तीन रविवार तिचे आकडे आले सोळा पॉइंट एक, सोळा, सोळा पॉइंट दोन. तिसऱ्या रविवारी दुपारी तिचा अकोल्याला फोन आला. रडत होती.

"आत्या, मी भेते वं. बगीच्यात होते अन् तिथं जाऊन काहूनच नाई होत? फॉर्म भरला थेच चुकलं माहं."

तिला हे कोणी म्हटलेलं नव्हतं. तिनं ते स्वतःच स्वतःला लावून घेतलं होतं. मी तिची समजूत घातली. पण फोन ठेवल्यावर ते तीन आकडे डोक्यातून जाईनात. भीती इतकी वक्तशीर नसते. एका रविवारी जास्त लागते, एका रविवारी कमी. तिन्ही वेळा दीड सेकंदच कसा खाईल?

पुढच्या शनिवारी मी अकोल्यात तीस मीटरचा टेप विकत घेतला आणि मिळेल त्या गाडीनं गावी निघाले. भाची टेपचं एक टोक धरून होती, मी दुसरं. तीन वेळा टेप पूर्ण लागला आणि चौथ्यांदा पसरायला गेलो तर शेवटची रेघ वीतभर अंतरावर. नव्वद मीटर आणि वर थोडं. पुन्हा मोजलं, तेवढंच. मग दोन झाडांमधलं अंतर घेतलं तर अठरा फूट. वीस फुटांचा बगीचा बाबांनी नाल्यापलीकडे लावला होता. ही धुऱ्याची ओळ आजोबांच्या हातची, जुन्या पद्धतीची. झाडं मेली तशी त्यांच्या जागी नवी लावून नांग्या भरत गेले, पण खड्डे तेच राहिले. बाबांचा आयुष्यभराचा खताचा, फवारणीचा सगळा हिशेब वीस फुटांचा, त्याच सवयीनं हाही केला.

भाची आधी खूप हसली. "म्हंजे मी भेत नाई?"

"नाई. तू सोळा सेकंदांची आहेस."

तिचं हसू जरा उतरलं. मग तिनं एक मोठा दगड उचलून खऱ्या शंभर मीटरवर नेऊन ठेवला आणि म्हणाली, "लाव घड्याळ." नव्वद मीटरपर्यंत झकास आली. पुढचे दहा मीटर तिच्या पायांना माहीतच नव्हते, तिथे ती अक्षरशः लोंबकळत आली. सोळा पॉइंट एक. गुडघ्यांवर हात ठेवून दम घेतला आणि पुन्हा पहिल्या झाडाकडे चालत गेली. भरतीला अजून दीड महिना आहे. ते दहा मीटर ती शिकेल, असं मला वाटतं.

मी धुऱ्यावर बसून राहिले. आनंद व्हायला हवा होता, आला राग. बाबांचा आला आणि माझा त्याहून जास्त. अकरावीच्या पुस्तकात मोजमापाचा धडा अगदी सुरुवातीला असतो, तो मी इतकी वर्षं शिकवते, आणि घरचं एक अंतर मोजून पाहायचं मला सुचलं नाही. मी घाबरले नव्हते हे कळलं, पण त्याच टेपनं तेरा पॉइंट चारही नेलं. ती वेगवान मुलगी कधी नव्हतीच. हे मला फार लागलं.

"आबाले नको सांगू आत्या," भाची म्हणाली. "जिवाले लावून घेतीन."

तिचे आबा, माझे बाबा, आता एक्याऐंशीचे आहेत. ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी सांगितलं. जरा तोडूनच सांगितलं, राग उतरला नव्हता.

त्यांचे हात थांबले. "धुऱ्याची ओळ," ते म्हणाले. "थे त माह्या बापाची." मग बोटांवर मोजायला लागले. "सोळा दुने बत्तीस. बत्तीस फुटं कमी." सुपातले दाणे एका कडेला सारले. "येष्टीत मी तुले बोललो होतो."

"हो."

"मंग तू भेली नवती."

हे ऐकायला मी चौतीस वर्षं थांबले होते. नुसतं हो म्हटलं असतं तर भागलं असतं. ते माझ्याकडे घड्याळ हातात धरलेल्या त्या दिवसासारखेच पाहत होते, पोरगी तेरा पॉइंट चारचीच आहे अशा भरवशानं. मला रडू फुटलं, भाचीसमोरच.

"नाई बाबा," मी म्हटलं. "माह्या पायात होतं तेवढं सारं पळाली होती मी."