आधी माणूस पाठवा

परदेशात भरलेल्या एका मोठ्या बैठकीच्या अहवालात आमच्या जिल्ह्याबद्दल एक वाक्य आहे. सातपुड्यातल्या एका गावाने इंटरनेट आल्याबद्दल समाधान व्यक्त केलं आणि सुरक्षिततेसाठी सरकार जो निर्णय घेईल त्यावर विश्वास असल्याचं सांगितलं, असं ते वाक्य. गावाने असं काही म्हटलं नव्हतं. ते मी म्हटलं. गाव काय म्हणालं ते कुठेच नोंदलेलं नाही, म्हणून इथे लिहितो.

मी प्रकाशा गावाजवळच्या शेतकरी घरातला. नोकरी टेलिफोन खात्यात केली, तारा ओढायची. निम्मी नोकरी म्हसावदच्या वरच्या डोंगरात गेली. पडलेले खांब उभे करता करता मी पावरी शिकलो. घरात अहिराणी, कचेरीत मराठी आणि डोंगरात पावरी, असा माझा दिवस असे. डोंगरातले लोक मला तारवाला म्हणत. पुढे मी निवृत्त झालो, तारा भंगारात गेल्या, पण ते नाव राहिलं.

ज्या गावाबद्दल लिहितो आहे तिथे मोबाइलचा टॉवर नाही. शाळेच्या छपरावर एक तबकडी बसवली आहे, तिच्यावर नेट येतं आणि त्या नेटवरच सगळ्यांचे फोन चालतात. दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला गुजरातेत जातं. त्या महिन्यांत म्हातारी माणसं शाळेच्या भिंतीला पाठ लावून फोन हातात धरून बसतात. खाली शहरात काही तंटा झाला की जिल्ह्याचं नेट बंद होतं. खालच्या लोकांचा साधा कॉल तरी लागतो. वर मात्र काहीच उरत नाही.

दिल्लीकडच्या एका संस्थेची बाई माझा पत्ता काढत घरी आली. ओट्यावर बसून तिने मला समजावलं. जगाचं इंटरनेट कुणी चालवायचं, कुणी कधी बंद करायचं, यावर देशादेशांची बोलणी चालू आहेत. पूर्वी असली बोलणी राजदूत बंद दाराआड करत. आता तिथे कंपन्या बसतात, तंत्रज्ञ बसतात आणि साध्या लोकांनाही पडद्यावरून बोलू देतात. त्यांना डोंगरातलं एक गाव हवं होतं आणि त्या गावाचं बोलणं इंग्रजीत सांगणारा माणूस हवा होता. खात्याच्या नोकरीने माझं इंग्रजी कामापुरतं झालं होतं. बोलणं चांगलं झालं तर पुढच्या वर्षीच्या बैठकीला तुम्हालाच पाठवू, असं ती जाता जाता म्हणाली. सुरतेच्या पलीकडे मी कधी गेलो नव्हतो. बायकोने दारातूनच ऐकलं होतं. "आते कोट शिवी ल्या," ती म्हणाली, "साहेब व्हयनात ना तुम्ही." मी हसलो, पण रंग कोणता घ्यावा हे मनात आलंच.

मी वर गेलो. गावाच्या कारभाऱ्याने पंच जमवले. तो माझ्याच वयाचा. आम्ही एकमेकांना अरेतुरे करतो, डोंगरात सगळेच करतात. निरोप पाठवायची त्यांची एक रीत आहे. निरोप्याने पंचांसमोर निरोप म्हणून दाखवायचा, मग निघायचं. परत आल्यावर आपण तिथे काय बोललो आणि समोरच्यांनी काय उत्तर दिलं ते पुन्हा पंचांसमोर सांगायचं. ते पटलं की सगळे त्याच्याबरोबर जेवतात. निरोपात फेरफार करणाऱ्याच्या पंगतीला कुणी बसत नाही. त्याने त्याच जागी परत जाऊन, त्याच माणसांसमोर शब्द सरळ करायचा असतो.

त्यांचा निरोप छोटा होता. "बंद करायचं तर करा. तुमचं काही कारण असेल. पण आधी माणूस पाठवा. तो वर येऊन सांगेल, मग आम्ही आमची सोय करू." मी तो म्हणून दाखवला. कारभाऱ्याने मान हलवली.

बोलणं नंदुरबारच्या एका सभागृहातून झालं. मिरचीचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. बाहेर मिरची वाळत घातलेल्या पथारीवरून ठसका आत येत होता आणि आम्ही सगळे खोकत होतो, म्हणून त्या बाईने आमचा माइक बंद करून ठेवला होता. कारभारी आणि दोन पंच पडद्यासमोर बसले होते. मागच्या रांगेत कुणी सरकारी पाहुणे होते. पडद्यावर लहान लहान चौकटींत जगभरचे चेहरे होते. एका देशाचा प्रतिनिधी बोलला की बंदीचा अधिकार ज्याच्या त्याच्या सरकारचा आहे. दुसऱ्याने ते खोडून काढलं. दोघेही हसतमुखाने बोलत होते. मग आमची पाळी आली. बाईने दोन बोटं दाखवली, दोनच मिनिटं आहेत म्हणून, आणि हळूच सांगितलं, "जरा पॉझिटिव्ह ठेवा."

कारभारी बोलला. शब्द तेच, जे डोंगरात ठरले होते. त्याचा आवाज स्वच्छ होता. मग सगळे माझ्याकडे बघू लागले.

मागे बसलेल्या पाहुण्यांची मला भीती वाटली, हे खरं. पण ती अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी म्हणजे मला पुढच्या वर्षी परदेशातल्या बैठकीला जायचं होतं. बंदीबद्दल तक्रार करणाऱ्या दुभाष्याला कोण बोलावणार, असं वाटलं. माझ्या तोंडून सुरुवातीला लिहिलेलं ते अहवालातलं वाक्य निघालं. मी अडखळलोसुद्धा नाही. चौकटींतल्या माणसांनी माना डोलावल्या, काहींनी टाळ्या वाजवल्या.

कारभाऱ्याने ते पाहिलं. "कबूल केलं त्यांनी?" त्याने मला विचारलं.

"केलं," मी म्हणालो.

वर जाऊन मी पंचांसमोर उभा राहिलो आणि निरोप अक्षर न अक्षर म्हणून दाखवला, जसा मी तिथे म्हणायला हवा होता तसा. समोरच्यांनी मान डोलावल्याचं कारभाऱ्याने स्वतः सांगितलं. माझ्या खोट्याला त्याची साक्ष मिळाली. मग ज्वारीची भाकर आणि उडदाची डाळ आली आणि मी त्यांच्याबरोबर जेवलो.

तोपर्यंत त्या गावाची एक जुनी सोय होती. ऊसतोडीच्या महिन्यांत गावचा एक माणूस म्हसावदला नातेवाइकाकडे राहायचा. तिथल्या एका दुकानदाराचा नंबर मुकादमांकडे असायचा. नेट बंद असो नाहीतर तबकडी बिघडलेली असो, गुजरातेतून बरावाईट निरोप आला की तो माणूस पायवाटेने वर यायचा. घरातला कमावता हात असा अडकवून ठेवणं जड जायचं. त्या वर्षी पंचांनी तो माणूस पाठवला नाही. एवढ्या देशांनी मान डोलावली आहे, आता बंद करण्याआधी त्यांचाच माणूस येईल, असं ठरलं. मला ते कळलं तेव्हाही मी गप्प राहिलो. नेट काही रोज बंद होत नाही, असं स्वतःला सांगितलं.

कारभाऱ्याची धाकटी मुलगी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली होती. फडात तिला साप चावला, आणि त्याच आठवड्यात खाली तंटा होऊन नेट बंद झालं होतं. जावयाने फोन लावला, लागला नाही. मुकादमाने म्हसावदच्या दुकानदाराला कळवलं. दुकानदाराने माणूस शोधला, पण कुणी नव्हतं. तंट्यामुळे जीपही वर जात नव्हत्या. मुलगी वाचली नाही. माहेरच्या माणसाने तोंड पाहिल्याशिवाय त्यांच्यात मुलीला आग देत नाहीत. तिथे त्यांनी जमेल तितका वेळ वाट पाहिली. मग आग दिली. बाप शाळेच्या भिंतीला टेकून बसलेला होता. नेट परत आलं तेव्हा फोनवर एकामागून एक जुने निरोप येत गेले, आधी तिला साप चावल्याचे, मग वारल्याचे, मग निघून या म्हणणारे.

मी तिचं दिवसकार्य आटोपल्यावर वर गेलो आणि पंचांसमोर सगळं सांगितलं. कुणी आवाज चढवला नाही. कारभारी म्हणाला, "मी तिथेच बसलो होतो. तुझ्या शेजारी."

नंतर त्याने रीतीप्रमाणे सांगितलं, त्याच जागी जा, त्याच माणसांना सांग.

मी प्रयत्न केला. सभागृहात तेव्हा कपड्यांचा सेल लागला होता. ती बाई संस्था सोडून गेली होती. संस्थेला लिहिलं, तर अहवाल अंतिम झाला आहे, सूचनांची मुदत संपली आहे, आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, असं उत्तर आलं. बैठक भरवणाऱ्यांना लिहिलं, त्यांचंही जवळपास तेच आलं. आता सगळ्यांना टेबलाशी बोलावतात, हे खोटं नाही. पण बोलणं संपलं की ते टेबल कुठेच नसतं. चौकटी विझतात. मागे जाऊन शब्द सरळ करावा अशी जागाच उरत नाही, आणि त्या चौकटींतल्या एकालाही मी नावाने ओळखत नाही.

हे वर जाऊन सांगितलं तेव्हा पंचांना आधी समजेना. ज्या बैठकीला परत जाता येत नाही तिथे गावाला बोलावलंच कशाला, असं एकाने विचारलं.

"मग तू म्हसावदला बस," कारभारी म्हणाला.

तेव्हापासून ऊसतोडीचे महिने मी म्हसावदला काढतो. बायको अहिराणीत टोमणे मारते आणि डबा पाठवते. दुकानदाराचा फोन वाजला की मी उठून त्याच्या दारात जाऊन उभा राहतो. नेट बंद झालं तेव्हा एकदा मी वर गेलो. गुडघ्यांमुळे चढ संपता संपेना. शाळेपाशी कारभारी बसला होता. बंद झालंय, पण आपली माणसं बरी आहेत, मुकादमाशी बोललो, असं मी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मला पाणी दिलं आणि एकटाच आत जेवायला गेला. मी पाणी प्यालो आणि अंधार पडायच्या आत खाली उतरलो.