वरच्या मजल्यावरची चूल

भिलाईला प्लांटमध्ये नोकरीला आलेल्या आमच्या विदर्भातल्या लोकांची एक रीत आहे. जन्म क्वार्टरमध्ये काढायचा आणि रिटायर व्हायच्या आत स्वतःचं घर बांधायचं, तेही दोन चुलींचं. गावाकडच्या वाटण्या सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. म्हणून मुलं भांडायच्या आधीच वर वेगळं स्वयंपाकघर, वेगळा जिना, वेगळं मीटर. दुर्गच्या मोहन नगरात मीही तसंच बांधलं. घराण्यातला पहिला पदवीधर मी. वडिलांनी भट्टीपुढे उभं राहून मला शिकवलं, त्याचं चीज कुठेतरी दिसावं असं वाटायचं. आईसाठी मागे, गोंगाटापासून दूर, खास खोली काढली.

दोन्ही मुलं पुण्याला गेली. वरच्या चुलीवर वास्तूच्या दिवशी दूध उतू घातलं, तेवढंच. तरी मालमत्ता कर त्या मजल्याचाही येतो, रंग त्यालाही लागतो, पावसाळ्यात गळतोही तोच.

धाकट्या भावाचंही असंच मोठं घर होतं. तो हथखोजच्या एका कारखान्यात फिटर आहे. मुलीचं लग्न होताच त्यानं घर विकलं आणि कॅम्प-१ मध्ये, आमचं लहानपण गेलं त्याच कामगार वस्तीत, दोन खोल्या घेतल्या. मी चिडलो. "बाबानं आपल्याले त्या गल्लीतून बाहेर काढलं, अन् तू परत तिथंच घुसून राहिला?"

"दादा, तुह्या घरी पंखे किती?"

मला चटकन सांगता येईना.

"माह्या घरी दोन. अन् दोन्हीच्या खाली माणूस असते."

तेव्हापासून मला त्याचं सगळं सलू लागलं. मार्च आला की मी कराच्या चिंतेत. तो चहा पिता पिता भरून मोकळा. दिवाळीत माझी बायको वरच्या खोल्यांची जाळी काढत होती, तेव्हा ते नवरा-बायको अमरकंटकला फिरत होते. भाऊ सुखी झाला याचा आनंद व्हायला हवा होता. होत नव्हता.

मग उन्हाळ्यात आई पापड लाटायला म्हणून त्याच्याकडे गेली आणि परत यायचं नाव काढेना. शेवटी मी आणायला गेलो. ती दारातच खाटेवर बसून डाळ निवडत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलत होती. माझ्या घरी ती दिवसभरात एवढं बोलल्याचं मला आठवेना.

"माय, चल ना घरी."

"कावून?"

"कावून म्हणजे? तुही खोली आहे ना तिथं."

"खोली चांगलीच आहे, बापू. पण तिथून हाक मारतो त कोणाले आयकू येत नाही. इथं नुसतं खोकललो तरी सून पाणी घेऊन येते."

आतून भावाची बायको हसत म्हणाली, "भाऊजी, घरच एवढुसं, मी जाईन कुठं?"

सगळे हसले. मीही हसलो. पण परत एकटाच आलो. आईसाठी खोली मी बांधली होती, आणि आई त्याच्याकडे होती.

शेवटी मीही घर विकायचं ठरवलं आणि बायकोला भीतभीतच सांगितलं. वाटलं, रडेल. ती म्हणाली, "विकून टाका. त्या जिन्यानं माहे गुडघे खाल्ले."

भावाच्या मागच्याच गल्लीत दोन खोल्या मिळाल्या. सगळे बघायला गेलो. भावानं नजरेनंच मापं घेतली. "दादा, हे त माह्यापेक्षाही लहान दिसून राहिलं!"

"हो," मी म्हणालो. कितीतरी दिवसांनी मला त्याच्यासमोर बरं वाटलं.

मी मागच्या मोरीतला नळ बघायला गेलो तेव्हा आई उंबरठ्यावर बसलेली होती. तिथूनच, रस्त्याकडे तोंड करून, तिनं अगदी हळू हाक मारली, "बापू."

"आलो, माय," मी म्हणालो.

"नोको येऊ," ती म्हणाली. "आयकू येते का, पाहून राहिलो होतो. घेऊन टाक."